स्वतःचा धंदा, स्वतःचा मेडिक्लेम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानदार, गॅरेजवाले, शिकवण्या घेणारे, घरून डिझाइनची कामं करणारे, दोन-चार कामगारांना घेऊन वर्कशॉप चालवणारे, या सगळ्यांची एक अडचण सारखी आहे. नोकरदाराला पगारासोबत विमा मिळतो. यांना तो स्वतः शोधावा लागतो आणि पैसेही सगळे स्वतःच्याच खिशातून जातात. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. नियम भारतातले आहेत आणि राज्याच्या योजनेसाठी महाराष्ट्र धरला आहे.

मी एकटाच काम करतो. माझ्यासमोर मार्ग तरी किती?

ढोबळ मानाने तीन. सरकारी योजना, स्वतःची किंवा कुटुंबाची पॉलिसी, आणि एखाद्या संघटनेच्या किंवा बँकेच्या गटातून मिळणारा विमा. हाताखाली माणसं असतील तर आणखी दोन वाढतात: कर्मचाऱ्यांचा गट विमा आणि ईएसआयसी, म्हणजे सरकारची कर्मचारी राज्य विमा योजना. यातले दोन मार्ग एकत्र वापरायला काहीच हरकत नाही. बहुतेकांनी तेच करावं.

आधी सरकारी योजनेत बसतो का ते पाहावं का?

हो, सगळ्यात आधी तेच. फुकटात मिळणारं संरक्षण सोडून बाजारात जाण्यात शहाणपण नाही. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिचं नाव बदललं. पूर्वी तिची मर्यादा दीड लाखाची होती, आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. पिवळ्या आणि केशरी कार्डांपुरती असलेली ही योजना आता पांढऱ्या शिधापत्रिकेवाल्यांनाही खुली आहे. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ पासून आहे, तिचंही संरक्षण कुटुंबामागे ५ लाखांचं. घरात ७० वर्षांचं किंवा त्यापुढचं कोणी असेल तर त्यांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान कार्ड मिळतं. ही सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. त्यांची खासगी पॉलिसी असली तरी कार्ड काढता येतं, त्यामुळे आई-वडिलांचं कार्ड आधी काढून ठेवा. चौकशीसाठी आयुष्मानचा क्रमांक १४५५५ आणि फुले योजनेचा १५५३८८.

मर्यादा मात्र समजून घ्या. ठरावीक उपचार आणि ठरावीक रुग्णालयं, एवढंच त्यात बसतं. तुमच्या तालुक्यात यादीतलं रुग्णालय कोणतं आणि तिथे कोणत्या विभागाचे उपचार योजनेत होतात, ही चौकशी धडधाकट असतानाच करायची. योजनेत हृदयाची शस्त्रक्रिया असते, पण जवळच्या यादीतल्या रुग्णालयात फक्त हाडांचा विभाग असतो, असं सर्रास होतं.

‘परवडणारी’ पॉलिसी ओळखायची कशी? प्रीमियम कमी म्हणजे स्वस्त ना?

इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. कंपनी प्रीमियम कमी करते ती कुठे ना कुठे कात्री लावूनच. ही कात्री दोन टोकांना लागू शकते. खालच्या टोकाला लागली तर पहिले काही हजार किंवा लाख तुम्ही भरायचे आणि पुढचे कंपनीने. याला डिडक्टिबल म्हणतात. वरच्या टोकाला लागली की खोलीभाड्याची मर्यादा येते, मोतीबिंदू किंवा गुडघ्यासाठी वेगळी मर्यादा येते, प्रत्येक क्लेममध्ये ठरावीक टक्के तुमच्या माथी येतात (याला को-पे म्हणतात), किंवा मुळात विमा रक्कमच तोकडी असते.

माझं मत स्पष्ट आहे: धंदेवाल्याने खालची कात्री पत्करावी, वरची टाळावी. ४० हजारांचं बिल जड जातं, पण कोणाकडून हातउसने घेऊन, एखाद्या पुरवठादाराला महिनाभर थांबायला सांगून ते निभावतं. ९ लाखांच्या बिलात खेळतं भांडवल जातं. माणूस बरा होऊन परत येतो तेव्हा माल भरायला पैसे नसतात, उधारी थांबलेली असते आणि गिऱ्हाईक दुसरीकडे वळलेलं असतं. विमा घ्यायचा तो या दुसऱ्या प्रसंगासाठी.

दुसरी कसोटीही लावा: ज्या वर्षी धंदा मंदीत असेल त्या वर्षीही हा प्रीमियम भरता येईल का? चांगल्या वर्षाच्या भरात घेतलेली भरगच्च पॉलिसी वाईट वर्षी बंद पडली, तर तोवर भरलेल्या प्रतीक्षाकाळावर, म्हणजे काही आजारांचा क्लेम मिळण्याआधी थांबावं लागतं त्या मुदतीवर, पाणी पडतं.

खोलीभाड्याच्या मर्यादेने एवढा काय फरक पडतो? वरचे हजार-दोन हजार मी भरेन की.

बहुतेकांचा असाच समज असतो. पण कापला जातो तो फक्त भाड्यातला फरक नव्हे. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियेच्या खोलीचा खर्च, भूल, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं, कारण बहुतेक रुग्णालयं खोलीच्या दर्जाप्रमाणे या सेवांचे दर लावतात.

हिशेब करून पाहू. पॉलिसीत रोजच्या खोलीभाड्याची मर्यादा ५,००० रुपये. तुम्ही ८,००० रुपयांच्या खोलीत ५ दिवस राहिलात. बिल असं आलं: खोली ४०,०००, डॉक्टर आणि शस्त्रक्रिया १,२०,०००, औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या ८०,०००. एकूण २,४०,०००. कंपनी खोलीचे २५,००० देणार. डॉक्टर आणि शस्त्रक्रियेचे आठात पाच या प्रमाणात ७५,००० देणार. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लावू नये असा नियामकाचा नियम आहे, म्हणून ते ८०,००० पूर्ण. मिळून १,८०,०००. म्हणजे खोलीतला फरक १५ हजारांचा, पण खिशातून गेले ६० हजार. वर ५ टक्के को-पे असेल तर आणखी ९ हजार.

म्हणून पॉलिसी घेताना ‘सिंगल प्रायव्हेट रूम’ किंवा ‘खोलीभाड्यावर मर्यादा नाही’ असं लिहिलंय का ते बघा. मर्यादा असलेली पॉलिसी आधीच हातात असेल, तर दाखल होताना काउंटरवर एकच गोष्ट सांगायची: या भाड्याच्या आतलीच खोली द्या. जी रुग्णालयं खोलीनुसार दर बदलत नाहीत तिथे ही प्रमाणशीर कपात लागत नाही. अतिदक्षता विभागाच्या खर्चालाही लागत नाही.

आरोग्य संजीवनीबद्दल ऐकलं आहे. ती घ्यावी का?

पहिली पॉलिसी म्हणून विचार करण्यासारखी आहे. आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, १ एप्रिल २०२० पासून सगळ्या जनरल आणि आरोग्य विमा कंपन्यांना ही पॉलिसी विकणं बंधनकारक केलं. कंपनी कोणतीही असो, अटी शब्दशः त्याच. बदलतो तो फक्त प्रीमियम. म्हणून तुलना सोपी जाते: चार कंपन्यांचे दर काढा आणि कमी दराच्या कंपन्यांमधून ज्यांची क्लेमची कीर्ती बरी आहे ती निवडा. विमा रक्कम ५० हजारांपासून १० लाखांपर्यंत मिळते. दाखल होण्याआधीचे ३० दिवस आणि घरी आल्यानंतरचे ६० दिवस यांचा खर्च त्यात येतो, आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे आंतररुग्ण उपचारही येतात. क्लेम न केलेल्या प्रत्येक वर्षी विमा रक्कम ५ टक्क्यांनी वाढते, ५० टक्क्यांपर्यंत.

आता कात्री. खोलीभाडं विमा रकमेच्या २ टक्के, आणि कितीही झालं तरी दिवसाला ५,००० रुपयांपर्यंत. अतिदक्षता विभागात ५ टक्के, कमाल १०,०००. मोतीबिंदूला एका डोळ्यासाठी विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० यांपैकी जे कमी असेल ते. आणि प्रत्येक क्लेममध्ये ५ टक्के तुमचे. जिथे खोलीचे दर या मर्यादेत बसतात त्या गावात ही पॉलिसी चांगली चालते. महानगरातल्या कॉर्पोरेट रुग्णालयात मात्र वरच्या उदाहरणासारखी गत होते.

टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांत फरक काय? सुपर म्हणजे नुसतं जाहिरातीचं नाव का?

नाही, फरक मोठा आहे. दोन्हींत एक डिडक्टिबल असतं, समजा ५ लाखांचं. टॉप-अपमध्ये प्रत्येक वेळचं बिल त्या ५ लाखांपुढे जावं लागतं. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराच्या सगळ्या बिलांची बेरीज पाहतात. एका वर्षात ४ लाखांची दोन बिलं झाली तर टॉप-अप एक रुपयाही देत नाही. सुपर टॉप-अप ८ लाखांतून ५ वजा करून ३ लाख देतं.

परवडणाऱ्या विम्याची खरी किल्ली इथे आहे. मोठी बिलं क्वचितच येतात, म्हणून ५ लाखांच्या वरचं संरक्षण कंपनीला स्वस्तात विकता येतं. ५ लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर १५-२० लाखांचं सुपर टॉप-अप, ही जोडी सहसा एकाच २०-२५ लाखांच्या पॉलिसीपेक्षा कमी प्रीमियममध्ये बसते. डिडक्टिबलचे ५ लाख दुसऱ्या पॉलिसीतून आले तरी चालतात. ज्यांच्या जोडीदाराला नोकरीतून विमा आहे त्यांनी तर फक्त सुपर टॉप-अप घेऊन सुरुवात करायलाही हरकत नाही. फक्त दोन पॉलिसींच्या अटी वेगळ्या असू शकतात हे ध्यानात ठेवा: मूळ पॉलिसीत खोलीभाडं मोकळं आणि वरच्या पॉलिसीत मर्यादा, असं निघालं तर कपात होणारच.

विमा रक्कम किती ठेवावी?

तुम्ही ज्या रुग्णालयात खरोखर जाल तिथे बायपास, कॅन्सरचे उपचार किंवा दोन आठवड्यांचा अतिदक्षता विभाग किती पडतो ते विचारा. तो आकडा गाठेल एवढी. उत्पन्नाच्या इतक्या पट वगैरे सूत्रं आयुर्विम्याची आहेत, इथे ती लागू पडत नाहीत. बऱ्याच कंपन्या शहरांचे झोन पाडतात आणि लहान गावच्या पत्त्यावर कमी प्रीमियम लावतात. पण लहान झोनची पॉलिसी घेऊन महानगरात दाखल झाल्यास को-पे लागू शकतो. मोठ्या आजाराला तुमच्या भागातले लोक कुठे जातात हे तुम्हाला माहीत असतंच. झोन त्याप्रमाणे निवडा.

सगळ्या घराची एकच पॉलिसी घेतली तर?

नवरा, बायको आणि मुलं यांच्यासाठी फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्यांत मिळून एकच विमा रक्कम असलेली पॉलिसी, ठीक. आई-वडिलांना त्यात घालू नका. फ्लोटरचा प्रीमियम घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, त्यामुळे ६८ वर्षांच्या वडिलांपायी सगळ्यांचा दर वाढतो. शिवाय त्यांच्या एका शस्त्रक्रियेत वर्षाची रक्कम संपली तर बाकीचे उघडे पडतात. एप्रिल २०२४ पासून ६५ वर्षांवरच्यांना नवी पॉलिसी न देण्याची जुनी मर्यादा उठली आहे. प्रीमियम अर्थातच चढा असतो.

मला मधुमेह आहे. सांगितलं तर नाकारतील, म्हणून एजंट म्हणतो लिहू नका.

लिहा. एजंट बदलला तरी चालेल.

आधीच्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबायला लावू शकते. २०२४ च्या आधी ही मुदत ४ वर्षांची होती. काही कंपन्या जादा प्रीमियम घेऊन ती कमीही करतात. लपवलं आणि क्लेमच्या वेळी जुन्या केसपेपरवर ‘मधुमेह, ६ वर्षांपासून’ असं निघालं, तर क्लेम जातो आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते. डॉक्टर दाखल करताना पूर्वेतिहास विचारतातच, आणि घरचे घाबरून खरं ते सांगतात. तिथेच सगळं उघड होतं.

सलग ५ वर्षं पॉलिसी चालू राहिली की माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. काही जण हे ऐकून ५ वर्षं गप्प बसायचा बेत करतात. पहिल्या ५ वर्षांत आजारी पडायचं नाही, हे कोणाच्या हातात आहे?

नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून दुसरा क्लेम चालत नाही. हर्निया, मोतीबिंदू, मुतखडा अशा ठरावीक आजारांना वेगळी प्रतीक्षा असते. म्हणून लवकर घ्या. तब्येत चांगली असताना सुरू झालेलं घड्याळ गरजेच्या वेळी उपयोगी पडतं.

कमाई हंगामी आहे. वर्षाचा प्रीमियम एकरकमी भरवत नाही.

मासिक, तिमाही, सहामाही हप्ते बऱ्याच कंपन्या देतात. हप्ता चुकला तर मासिक हप्त्याला १५ दिवस आणि बाकीच्यांना ३० दिवसांची सवलत मिळते. हप्त्यांनी प्रीमियम भरणाऱ्यांचं संरक्षण या सवलतीच्या काळातही चालू असतं. ती मुदतही उलटली की पॉलिसी तुटते आणि प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतात. दिवाळी, लगीनसराई किंवा पीक हाती येण्याचा मोसम, ज्या काळात हातात पैसा खेळतो त्या काळात नूतनीकरणाची तारीख येईल असं बघून पॉलिसी सुरू करणं, ही साधी युक्ती फार कमी लोक वापरतात.

माझ्याकडे पाच माणसं कामाला आहेत. त्यांच्यासाठी गट विमा मिळेल?

कंपन्या साधारणपणे किमान सात जणांचा गट मागतात. काहींना सात कर्मचारी लागतात, काहींना कुटुंबीय धरून सात झाले तरी चालतात, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा. मालक आणि भागीदार यांनाही गटात घेतात का, तेही लेखी विचारून घ्या.

गट विम्याची ताकद अशी की आधीचे आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरले जातात आणि वैद्यकीय तपासणी लागत नाही. बाळंतपणाचा खर्चही बऱ्याच पॉलिसींत बसवून मिळतो. वैयक्तिक बाजारात ज्याला कोणी दारात उभं करत नाही, अशा मधुमेही किंवा हृदयरोगी कारागिरासाठी हा मोठा आधार आहे.

दुखणं पुढच्या वर्षी कळतं. दर त्या गटाच्या क्लेमवर ठरतो. दोनशे जणांच्या गटात एक मोठा क्लेम पचून जातो. आठ जणांच्या गटात एकाची अँजिओप्लास्टी झाली की नूतनीकरणाचा आकडा बघून मालक कपाळाला हात लावतो. छोट्या गटांनी पहिल्याच वर्षाच्या दरावर भाळू नये ते यासाठी. आणि एकट्या गट विम्यावर मालकाने स्वतःच्या कुटुंबाची मदार ठेवू नये.

सात जण जमत नसतील तर प्रत्येकाच्या वैयक्तिक पॉलिसीचा काही भाग तुम्ही भरा. माणूस टिकतो, आणि तो काम सोडून गेला तरी पॉलिसी त्याचीच राहते.

ईएसआयसी नुसती कटकट आहे असं म्हणतात. खरं आहे?

कागदपत्रांची कटकट आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण मिळतं काय तेही पाहा. १९४८ च्या कायद्याने आलेली ही व्यवस्था १० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होते आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कर्मचारी तिच्यात येतात. मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, कर्मचाऱ्याचा ०.७५ टक्के. जुलै २०१९ पूर्वी हे आकडे ४.७५ आणि १.७५ होते. वर्गणी १८,००० रुपयांच्या वेतनावर बसत असेल तर तुमचे ५८५ आणि त्याचे १३५, मिळून ७२० रुपये.

एवढ्यात कर्मचारी आणि त्याचं कुटुंब दोघांनाही उपचार मिळतात, त्यात बाह्यरुग्ण विभाग आणि औषधंही आली, आणि उपचाराच्या खर्चाला वरची मर्यादा नाही. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं, बाळंतपणात २६ आठवडे. एवढ्या पैशांत हे सगळं देणारी पॉलिसी बाजारात नाही. रांगा लागतात, दवाखाना लांब असतो, ही तक्रार खरी आहे. जवळचा दवाखाना आणि करारबद्ध रुग्णालय कुठे आहे यावर सगळा अनुभव अवलंबून राहतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. दहापेक्षा कमी माणसं असलेल्यांनाही मालक आणि कर्मचारी यांच्या संमतीने स्वेच्छेने यात येण्याची वाट तिच्यात आहे. एकट्या मालकाला मात्र तिचा उपयोग नाही, कारण तो कोणाचा कर्मचारी नसतो.

प्रीमियमवर कर वाचतो का? आणि जीएसटी?

वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर पॉलिसींवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. गट विम्यावर तो कायम आहे. दरांची तुलना करताना एक आकडा करासह आणि दुसरा कराविना, अशी गल्लत होऊ देऊ नका.

आयकरात कलम ८०डीखाली स्वतः, जोडीदार आणि मुलं यांच्या प्रीमियमवर २५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळत आली आहे. आई-वडिलांसाठी आणखी २५,०००, त्यांचं वय ६० किंवा जास्त असेल तर ५०,०००. रोखीत भरलेला प्रीमियम चालत नाही. ही वजावट फक्त जुन्या करपद्धतीत आहे. धंद्याचं उत्पन्न असलेल्याला दोन पद्धतींमध्ये दरवर्षी उड्या मारता येत नाहीत. तेवढ्या एका वजावटीसाठी जुनी पद्धत धरून बसायचं की नाही, याचा हिशेब सीएकडून करून घ्या.

कर्मचाऱ्यांसाठी भरलेला आरोग्य विम्याचा प्रीमियम धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येतो, तोही रोखीत नको. मालकाने धंद्याच्या खात्यातून स्वतःच्या घरचा प्रीमियम भरला तर तो मात्र खर्च धरत नाहीत.

बँकेचा किंवा व्यापारी संघटनेचा गट विमा फारच स्वस्त मिळतोय. घ्यावा का?

दुसरी पॉलिसी म्हणून जरूर. एकुलती एक म्हणून नको. मूळ करार बँक आणि विमा कंपनी यांच्यात असतो, तुमच्या हातात फक्त प्रमाणपत्र असतं. उद्या बँकेने करार मोडला किंवा कंपनी बदलली, तर तुम्हाला कोणी विचारत नाही. शिवाय नुसता विमा घेण्यासाठी जमवलेल्या गटाला नियमांत मान्यता नाही, त्यामुळे ‘सदस्य व्हा आणि स्वस्तात विमा मिळवा’ असं सांगणाऱ्यांपासून चार हात लांब.

दवाखान्याचं बिल विमा देईल, पण धंदा बंद राहिला त्याचं काय?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. नोकरदाराला आजारपणाची रजा असते, तुमचं शटर बंद म्हणजे गल्ला बंद. मेडिक्लेम यातलं काहीच देत नाही. त्यासाठी ठरावीक रक्कम देणारे प्रकार आहेत. गंभीर आजाराची पॉलिसी यादीतल्या आजाराचं निदान झाल्यावर एकरकमी पैसे देते, बिल कितीही होवो. वैयक्तिक अपघात विम्यात कायमचं अपंगत्व आणि काही पॉलिसींत तात्पुरत्या अपंगत्वाचा साप्ताहिक भत्ता असतो. उंचावर चढणारे, वाहन चालवणारे, यंत्रावर हात असलेले, यांच्यासाठी हा विमा मेडिक्लेमइतकाच गरजेचा आहे, आणि तो बराच स्वस्त असतो.

बँकेतून वर्षाला २० रुपये कापून जाणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालू ठेवाच. पण ती अपघाती मृत्यू आणि अपंगत्वासाठी २ लाखांपर्यंतची आहे. ‘माझा विमा आहे, बँकेत कापला जातो’ असं सांगणाऱ्या अनेकांकडे आरोग्य विमा नसतोच.

कॅशलेसला किती वेळ लागायला हवा?

२०२४ च्या नियमांनुसार दाखल होतानाच्या विनंतीवर १ तासात निर्णय आणि घरी सोडताना अंतिम मंजुरी ३ तासांत. त्यानंतरच्या उशिरामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली तर ती कंपनीने सोसायची. प्रत्यक्षात उशीर बऱ्याचदा रुग्णालयाच्या बिलिंग खात्यातच होतो, म्हणून आदल्या संध्याकाळी अंतिम बिलाची तयारी करायला सांगा. उपचार ठरवून होणार असतील तर ४८ तास आधी कळवावं. तातडीने दाखल व्हावं लागलं तर २४ तासांच्या आत. रुग्णालय लहान असेल तर खाटा विचारा: १० लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावात किमान १० आणि त्याहून मोठ्या शहरात १५, हा विम्यातल्या ‘रुग्णालया’च्या व्याख्येचा एक निकष आहे.

क्लेम नाकारला. आता?

नकार लेखी मागा, पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली तेही लिहून मागा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे इथे त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षभरात जावं लागतं. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि ३० दिवसांत पाळला नाही तर रोज ५,००० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वरही तक्रार नोंदवता येते. नुसता फोनवर वाद घालण्यात लोक महिने घालवतात. लेखी अर्जाची पोच हातात असली की कंपनीचा सूर बराच बदलतो.

घेतलेली पॉलिसी पटली नाही तर बदलता येते?

पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, थोडी कपात होऊन पैसे मिळतात. त्यानंतर बदलायची असेल तर पोर्ट करा, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे न्या. नूतनीकरणाच्या दीड महिना आधी नव्या कंपनीकडे अर्ज करा. पूर्ण झालेला प्रतीक्षाकाळ जुन्या विमा रकमेपुरता सोबत येतो. नवी कंपनी नकार देऊ शकते, म्हणून तिचा होकार येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नका.

नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करतोय. कंपनीचा विमा जाणार.

राजीनामा देण्याआधी दोन कामं करा. ऑफिसच्या गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि गटात काढलेल्या वर्षांचं श्रेय प्रतीक्षाकाळात धरलं जातं. त्याची मुदत आणि अर्ज एचआरकडून आधीच मागून घ्या, शेवटच्या दिवशी त्या गडबडीत कोणी लक्ष देत नाही. दुसरं, शक्य असेल तर नोकरीत असतानाच एक लहान वैयक्तिक पॉलिसी सुरू करा. धंद्याची पहिली दोन वर्षं तशीही ओढगस्तीची असतात, त्यातच प्रतीक्षाकाळही नको.